शमुवेलचा तेबा

ऑकलंडच्या दक्षिणेचं, पापाकुरातलं घर सोमवारी सकाळी सोडायचं, हे सरला थळकरांनी मान्य केलं होतं. सह्या झाल्या होत्या, भांडी खोक्यांत गेली होती, ब्रिस्बेनला मुलाकडे कायमचं राहायला जायचं हेही त्यांनी मनाला समजावलं होतं. अडून बसल्या होत्या त्या एकाच गोष्टीवर. मागच्या शेडमधले दगड नीट हलल्याशिवाय त्या मुलाला विमानाचं तिकीट काढू देणार नव्हत्या. सोमवारी किल्ली हातातून गेली की डिगर येणार, आणि घर, शेड, कुंपणालगतचं लिंबू सगळं सपाट करून तिथे टाउनहाउसेस उभी राहणार, हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं.

मुलगा नील फोनवर म्हणाला होता, "मम्मा, लीव्ह इट ना. दे आर जस्ट रॉक्स."

"तुझा बाप पण आता नुसती मातीच आहे," सरलाबाई म्हणाल्या. "म्हणून वाइकुमेटेच्या कबरस्तानात कुणाला डिगर फिरवू देशील?"

त्यानंतर नीलने तो विषय काढला नाही.

थळकर म्हणजे कोकणातले बेने इस्राएल. मराठी बोलणारे, नारळाच्या दुधातली आमटी खाणारे आणि प्रार्थना मात्र हिब्रूत म्हणणारे यहुदी. सरलाबाईंचे यजमान शमुवेल इथल्या एका स्टील मिलमध्ये फिटर होते. आयुष्यभर मिलच्या पाळ्या केल्या, पण शनिवारची पाळी त्यांनी कधी घेतली नाही. शनिवारी त्यांच्या शेडमध्ये आसपासची चार घरं जमत. कुणी पुकेकोहेहून येई, कुणी मनुरेवाहून. दहा पुरुष जमले तर पूर्ण प्रार्थना, नाही जमले तर जमेल तेवढी. शेडच्या मधोमध शमुवेलनी तेबा बांधला होता. तेबा म्हणजे ज्यावर उभं राहून प्रार्थना म्हणतात तो चौथरा. सगळीकडे तो लाकडाचा असतो. शमुवेलनी दगडांचा केला.

पुकेकोहेला बटाटे पिकवणाऱ्या एका गुजराती मित्राच्या बांधावर काळे ज्वालामुखीचे दगड पडलेले होते. त्यातले एकेक निवडून त्यांनी आणले आणि चुना नाही, सिमेंट नाही, एकावर एक बसवत गेले. दगड बसला नाही तर दुसरा शोधायचा, पण त्याला हातोडा लावायचा नाही. शास्त्रात वेदीच्या दगडांना लोखंडाचं हत्यार लागू नये असं सांगितलंय. तेबा काही वेदी नव्हे, हे शमुवेलना ठाऊक होतं. कुणी चिडवलं तर ते म्हणत, "आठवडाभर लोखंडच तर हाताळतो. देवापुढे तरी नको."

शमुवेल गेले. चार घरांतली दोन ऑस्ट्रेलियात गेली, एक सिडनीची वाट धरून तेल अवीवला पोचलं, उरलं ते सरलाबाईंचंच. धर्मग्रंथाची पवित्र गुंडाळी शहरातल्या मोठ्या सिनेगॉगकडे रवाना झाली. फाटकी प्रार्थनेची पुस्तकं रीतीप्रमाणे कबरस्तानात पुरली, कारण देवाचं नाव लिहिलेला कागद आम्ही कचऱ्यात टाकत नाही, असं सरलाबाई सांगत. पुस्तकांना रीत होती. दगडांचं काय करायचं, हे त्यांना माहीत असलेल्या कुठल्याच रीतीत नव्हतं. शहरातल्या सिनेगॉगमधून कुणी एक सज्जन येऊन पाहून गेले. ते फार अदबीने म्हणाले की हे रिकाम्या शेडमधले दगडच धरायला हरकत नाही. सरलाबाईंनी त्यांना चहा दिला आणि त्यांचं म्हणणं मानलं नाही.

शहराच्या पश्चिमेच्या हेन्डरसनमधल्या मृदुलाशी त्यांची ओळख कीर्तनामुळे झाली होती. मृदुला तशी पाण्याच्या पाइपलाइनी आखणारी इंजिनियर, पण पुण्यात असताना तिने नारदीय कीर्तनाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि हेन्डरसनच्या कम्युनिटी हॉलमध्ये अधूनमधून कीर्तन करायची. एकदा मागच्या खुर्चीत बसलेली एक म्हातारी बाई तिला दिसली. आरतीला हात जोडत नव्हती, बुक्का लावून घेत नव्हती, पण मांडीवर बोटांनी धरलेला धुमाळीचा ठेका असा काही चोख की तबलजी तिच्याकडे बघून वाजवू लागला. नंतर चहाला मृदुलाने विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझे वडील कीर्तनकार होते गं. रेवदंड्याला. मी मागे उभी राहून ध्रुपद धरायची."

यहुद्यांत कीर्तन? मृदुलाला ते नवं होतं. सरलाबाईंनी मग सगळं सांगितलं. समोर मूर्ती नसायची, पूर्वरंगात देवाच्या एकपणाचं निरूपण, उत्तररंगात जुन्या राजांची, संदेष्ट्यांची आख्यानं. अभंग, साकी, दिंडी, कटाव सगळं मराठीत, अगदी तुमच्यासारखं. देवाला भाषा कळते की नाही हा प्रश्नच नव्हता, लोकांना कळायला हवी होती. त्या दिवसापासून मृदुला त्यांना मावशी म्हणू लागली. खरं सांगायचं तर कीर्तन ही गोष्टच अशी आहे. एकाने देवापुढे मोकळ्या गळ्याने गायलं की ऐकणारा कोणत्या दारातून आत आला हे कुणी विचारत नाही.

तर दगडांचा प्रश्न मावशींनी मृदुलाकडेच नेला. मृदुलाचा नवरा चारुदत्त शहरात सॉफ्टवेअरचं काम करणारा, आणि कुठलाही प्रश्न ऐकला की उत्तर द्यायची घाई असलेला. त्याने लगेच सुचवलं की पिहाच्या समुद्रात विसर्जन करू, आपण गणपतीला जातोच. मावशी हसायला लागल्या. म्हणाल्या, "अरे, शमुला पोहता येत नव्हतं. त्याचे दगड समुद्रात नको."

मृदुलाची मुलगी मैत्रेयी तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून टोस्ट खात होती. पुरातत्त्वशास्त्र शिकून झालं होतं, मध्यंतरी इस्राएलच्या दक्षिणेला वाळवंटात एका उत्खननावर दोन हंगाम राबून आली होती. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र निम्मं इंग्रजी यायचं.

"आजी, अराद माहितीये तुम्हाला?" तिने विचारलं.

मग तिने सांगितलं ते असं. अराद हा वाळवंटाच्या काठावरचा जुना किल्ला. त्याच्या आत यहूदाच्या लोकांचं एक छोटं देवालय सापडलं. अंगणात माती आणि न घडवलेल्या दगडांची वेदी, आणि आत पायऱ्या चढून गेलं की देवाची खोली. मूर्ती नाही, एक उभा दगड. खोलीच्या तोंडाशी चुनखडीच्या दोन लहान वेद्या, धूप जाळायच्या. त्यांच्या माथ्यावर जळल्याचा काळा थर अजून होता. आणि त्या वेद्या सापडल्या तेव्हा उभ्या नव्हत्या. पायऱ्यांवर आडव्या निजवून त्यावर माती भरलेली होती.

"तोडल्या नव्हत्या?" मावशींनी विचारलं.

"नो. दॅट्स द थिंग. कोणीतरी नीट ठेवल्या, केअरफुली."

मावशींना वडिलांचं कीर्तन आठवलं. त्यांच्या वडिलांचं एक गाजलेलं आख्यान होतं. यहूदाच्या राजाने जेरुसलेमबाहेरची सगळी उच्चस्थानं, म्हणजे टेकड्यांवरची देवस्थानं, मोडून टाकली, सगळी पूजा एका मंदिरात आणली, त्याची कथा. त्यात 'मोडिली, फोडिली, उधळिली' असा कटाव होता, आणि तो आला की रेवदंड्याची माणसं मांडी थोपटायची. लहानपणी सरलानेही तो जोरात म्हटला होता. आता त्यांना वाटत होतं, ज्याच्या गावचं देवालय बंद करायचा हुकूम आला तो माणूस त्या दिवशी काय करत असेल? हुकूम पाळायचा तर होताच. मग घण न उचलता त्याने वेदी आडवी केली.

"कोणी केलं असेल ते?" त्यांनी विचारलं.

मैत्रेयी म्हणाली की पंडितांत भांडणं आहेत. कुणी म्हणतं राजाचा हुकूम, कुणी म्हणतं शत्रू येणार म्हणून लपवल्या. पण कारण काहीही असो, हात हळुवार होते एवढं दिसतं.

"मग माझं ठरलं," मावशी म्हणाल्या. "निजवायचे. फक्त जमीन हवी, जिथे डिगर येणार नाही."

मृदुलाने तिथल्या तिथे आपलं परसू देऊ केलं. मावशींनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या देवांना चालेल?"

"माझे देव माझ्याहून समजूतदार आहेत," मृदुला म्हणाली.

ठरलं असं की रविवारी सकाळी सगळ्यांनी पापाकुराला जमायचं. दगड हातांनी सोडवायचे, ट्रेलरवर चढवायचे, हेन्डरसनला आणायचे. लोखंड लावायचं नाही, हे मावशींनी मृदुलाला दोनदा सांगितलं. मृदुलाने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, पण तो तेव्हा कानात इअरफोन घालून मीटिंगमध्ये होता आणि मान मात्र हलवत होता.

आता आपल्या मंडळींची एक सवय आहे. ऑकलंडच्या मराठी माणसाचं कुठलंही सामुदायिक काम शनिवारी होतं. ढोल पथकाचा सराव शनिवारी, दिवाळी फराळ शनिवारी, कुणाचं घर हलवायचं तर शनिवारी. रविवार पडून राहण्याचा. चारुदत्तला वाटलं, मृदुला, मैत्रेयी आणि म्हातारी यांनी रविवारी दगड काय उचलायचे. आपणच आदल्या दिवशी जाऊन निम्मं काम उरकून ठेवू, मावशींना चकित करू. शनिवारी सकाळी त्याने शेजाऱ्याकडून पहार मागून घेतली आणि पापाकुरा गाठलं. शेडला कुलूप नव्हतंच.

मावशी घरात प्रार्थनेला बसल्या होत्या. शब्बाथ होता, काम न करण्याचा पवित्र वार. शेडमधून दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला तसं त्यांनी पुस्तक मिटलं.

चारुदत्त घामाघूम होऊन उभा होता, चेहऱ्यावर मोठं हसू. वरच्या थरातला एक दगड त्याने पहारीने उपसून काढला होता. काळ्या दगडाचा एक टवका उडून आतली राखाडी खपली दिसत होती.

मावशी दारात थांबल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"चारुदत्त, आज वार कोणता?"

"शनिवार, मावशी."

"आमच्या आजोबांना गावात काय म्हणायचे माहीत आहे? शनवार तेली. तेलाचा घाणा होता, पण शनिवारी बैल सोडलेला असायचा. गावाला देवाचं नाव ठाऊक नव्हतं, धर्म ठाऊक नव्हता, पण वार ठाऊक होता."

चारुदत्तने पहारीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. त्याला आधी वाराची चूक कळली आणि मग दुसरी, लोखंडाची. त्याने हळूच पहार खाली ठेवायला घेतली.

"खाली नको ठेवूस," मावशी म्हणाल्या. "गाडीत ठेव. आणि ये आत. आज मी चूल पेटवत नाही, पण कालचे पुरणाचे कानवले आहेत."

त्याने कानवला अर्धाच खाऊन ठेवला. त्याने विचारलं की आता त्या दगडाचं काय. मावशी म्हणाल्या, लोखंड लागलेला दगड पूर्वी वेदीतून काढून टाकत. तो बाकीच्यांबरोबर जाणार नाही. चारुदत्तने मान खाली घातली. संध्याकाळी घरी त्याने हे सांगितलं तेव्हा मृदुला त्याच्याशी धड बोलली नाही, पण मैत्रेयीने त्याला त्याच वाळवंटाकाठच्या बैरशेबाची गोष्ट सांगितली. तिथे कोपऱ्यांना शिंगांसारखी टोकं असलेली एक वेदी सापडली, चक्क घडवलेल्या चिऱ्यांची. ती मोडल्यावर तिचे दगड टाकून दिले नव्हते, एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले होते. वेदी गेली, पण भिंत तर उभी राहिली.

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी चारुदत्त पोचला आणि त्याने मावशींना ती भिंतीची गोष्ट सांगून विचारलं, तो दगड मी नेऊ का. आमच्या उतारावर रिटेनिंग वॉल घालायची आहे.

"ने," मावशी म्हणाल्या. "आणि पक्की बांध. पावसाळ्यात घसरली तर दगडाचं नाव खराब होईल."

मग माणसं जमली. हेन्डरसनच्या मराठी मंडळातली पाच-सहा आली, त्यात फिजिओथेरपिस्ट विनिता होती. तिने आल्याआल्या दोघांना जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दगड उचलायला आल्याबद्दल झापलं आणि गुडघ्यात कसं वाकायचं ते सगळ्यांना करायला लावलं. हातातली घड्याळं उतरली, अंगठ्या उतरल्या. ट्रेलर लोखंडाचा होता, यावर मैत्रेयीने बोट ठेवलं. मावशी आत गेल्या आणि आपल्या लुगड्यांच्या गोधड्या घेऊन आल्या. ट्रेलरचा तळ असा झाकला गेला की कुठे पत्रा दिसेना.

आणि मग मावशी उभ्या राहिल्या. तेब्यावर नाही, तेब्यासमोर. अंगावर पांढरं लुगडं, गळ्यात उपरणं वडिलांचं, हातात चिपळ्या. लाकडी, पण त्यांतल्या पितळी चकत्याही त्यांनी काढून ठेवल्या होत्या. मृदुला मागे पेटी घेऊन बसली. मावशींना दगड उचलता येणार नव्हता. काम हातांनी आणि कीर्तन गळ्याने, एवढी त्यांनी वाटणी केली होती.

पूर्वरंग त्यांनी एका प्रश्नावर लावला. ज्याला सगळं आभाळ पुरत नाही तो चार दगडांत कशाला येईल? आणि उत्तर दिलं की तो येत नाही, आपण जातो. चालायला जागा लागते म्हणून दगड लागतात. हे सांगताना त्यांचा आवाज मधूनच बसे. मृदुला मग सूर भरून काढी आणि त्या पुढचं पद उचलत. खाली माणसं एकेक दगड सोडवत होती. जो दगड ज्या अंगावर बसला होता ते अंग मैत्रेयी खडूने टिपत होती, तिच्या शिस्तीत. दगड गोधडीवर कुणी न सांगताही हळूच ठेवला जात होता. उत्तररंगात त्या अरादला पोचल्या. राजाचा हुकूम किल्ल्यात आला. वडिलांचा 'मोडिली, फोडिली' त्यांनी घेतला नाही. त्याच्या जागी म्हातारा पुजारी आला, त्याने शेवटचा धूप जाळला, थंड होऊ दिला, आणि मग वेदी कुशीवर निजवली. जसं लेकराला. विनिता दगड हातात घेऊन ऐकत तशीच उभी राहिली, तिला ठेव म्हणून सांगावं लागलं.

दुपार उलटली तेव्हा चौथरा उतरला होता. उरला होता तळाचा एक दगड.

तो मोठा होता. शेडच्या तळाची फळी कापून तो सरळ जमिनीत बसवलेला होता, निम्मा मातीत. शमुवेलनी चौघांना घेऊन बसवला होता, आणि त्या चौघांतलं आता कुणी इथे नव्हतं. बोटांनी माती उकरली. लाकडी खांब शोधून त्याच्या खाली घातले. सगळ्यांनी जोर लावला, दगड जागचा हलला नाही. पुन्हा लावला. एक खांब मोडला. कुणी आधी जोर लावी, कुणी नंतर, आणि मग सगळेच एकमेकांकडे बघत. सावल्या कुंपणापर्यंत गेल्या. मृदुलाने मनाशी हिशेब केला, उजेड आहे तोवर हेन्डरसनला पोचायला हवं.

बोलायचं धाडस शेवटी चारुदत्तनेच केलं. पहार अजून गाडीतच होती.

"मावशी, मी दगडाला लावणार नाही. खालच्या मातीत घालतो. दगडाला शिवणारही नाही."

मैत्रेयीही हळूच म्हणाली, "आजी, तसाही तो रूल वेदीचा आहे. तेब्याला लागूच नाही."

मावशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना घाम आला होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्या हो म्हणाल्या असत्या तर कुणालाही गैर वाटलं नसतं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "हा नियम देवाने घातलेला नाही. शमुने घातला. देवाचा असता तर आत्ता देवाची माफी मागून मोकळी झाले असते. शमुला कुठे विचारू?"

चारुदत्तने मान हलवली. तो परत दगडापाशी गेला आणि मातीत गुडघे टेकले.

मावशी उठल्या. चिपळ्या हातात घेतल्या. त्यांच्या लक्षात आलं होतं काय चुकतंय ते. रेवदंड्याला लहानपणी त्यांनी पाहिलं होतं, कीर्तनात पन्नास माणसं टाळी वाजवतात ती एका क्षणी पडते, कारण सगळ्यांना सम कुठे येणार ते आधीच कळलेलं असतं. इथे माणसं होती, जोर होता, समच नव्हती.

"मृदुला, धुमाळी. जरा चढी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही ऐका. 'मानाने'तल्या 'मा'वर जोर लावायचा. त्याआधी नाही, नंतर नाही. पहिल्या दोन वेळा नुसतं ऐका."

आणि त्यांनी जागीच रचलेलं म्हटलं.

घण ना पडला, लोह न शिवले, जसा निर्मिला देवाने,
तसा मांडिला, तसा जपियला, तसाच नेऊ मानाने.

पहिल्यांदा सगळे ऐकत राहिले. दुसऱ्यांदा ओठ हलू लागले. तिसऱ्या वेळी 'मा'वर सगळे खांब एकदम खाली गेले आणि मातीतून कसलासा ओला आवाज आला. मावशी थांबल्या नाहीत. आवाज चिरकला तरी सोडला नाही, मृदुलाने तो वरून धरला, मग माणसांनी धरला. मराठी नीट न बोलणारी मैत्रेयीही गळा काढून म्हणू लागली. पुढच्या 'मा'ला दगडाची एक कड वर आली. विनिताने फळी सरकवली. पुन्हा एक 'मा', पुन्हा फळी. असं ते किती वेळ चाललं कुणी मोजलं नाही. शेवटी दगड खड्ड्यातून वर येऊन लाकडावर कलला, अंगाला ओली माती आणि गांडुळं चिकटलेली. खाली चौकोनी खड्डा राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चारुदत्त तिथेच खाली बसला आणि तळहात बघत राहिला, सोलून निघाले होते. मावशींनी दगडाला पहिल्यांदा हात लावला, फक्त तळवा टेकवला, आणि हिब्रूत काहीतरी हळू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उचला रे."

हेन्डरसनला मृदुलाच्या परसात खड्डा आधीच खणून तयार होता. तो शनिवारी रात्रीच चारुदत्तने खणला होता, कुणाला न सांगता, आणि हवा होता त्याच्यापेक्षा मोठा खणला होता. सूर्य वाइटाकेरेच्या डोंगरामागे गेला होता, पण उजेड होता. दगड मैत्रेयीच्या खडूच्या खुणांप्रमाणे एकेक उतरले. मोठा सगळ्यात शेवटी. एकाने तो सवयीने उभा टेकवला तर मावशी म्हणाल्या, "आडवा. उभा ठेवला की माणसं नमस्कार करायला लागतात. मी तुम्हाला ओळखते."

सगळे हसले, मृदुला सगळ्यात जास्त.

माती हातांनी लोटली. शेवटची ओंजळ मावशींनी घातली. कीर्तन संपलं की आरती होते, पण इथे कशाची करणार. मावशींनी चिपळ्या उपरण्यात गुंडाळल्या.

"इथे तुळस लावू नकोस हं," त्या मृदुलाला म्हणाल्या.

"मग काय लावू?"

"मेथी लाव. भाजी खा."

मागच्या दाराशी मृदुलाने न विचारता पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला होता. कबरस्तानातून आलं की घरात शिरायच्या आधी हात धुवायचे, ही मावशींची रीत. मसणातून आलं की तसंच, ही मृदुलाची. दोघींनी एकमेकींच्या हातांवर पाणी घातलं. नखांतली माती निघेना, मावशींनी ती तशीच राहू दिली.

आत पिठलं-भात होता. पण पान वाढायच्या आधी मावशींनी फोन मागून घेतला आणि ब्रिस्बेनला लावला. नीलने उचलल्याबरोबर काळजीने विचारलं, काय झालं, ठीक आहेस ना.

"ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "उद्या सकाळी किल्ली देते. तिकीट काढ. आणि ऐक, खिडकीची जागा बघ, मला वरून हेन्डरसन बघायचंय."